महिनाअखेरीला काय विचारता? कारखान्यांच्या व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण परिसरातील कारखान्यांचे प्लांट हेड, उत्पादन व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभागप्रमुख यांस

विषय : कामगारांच्या पर्यावरणविषयक सवयी आणि त्यांतला आपला वाटा

सन्माननीय महोदय आणि महोदया,

स.न.वि.वि.

या औद्योगिक पट्ट्यातल्या दोन कारखान्यांत मिळून मी एकतीस वर्षे नोकरी केली. त्यांतली पहिली बारा वर्षे मशीनवर गेली आणि पुढची एकोणीस वर्षे सुपरवायझर म्हणून. निवृत्त होऊन आता दोन वर्षे झाली आहेत, त्यामुळे कोणाची मर्जी सांभाळण्याचे कारण उरलेले नाही आणि कोणावर राग काढावा असेही काही मनात नाही. कामगार पर्यावरणाची काळजी का घेत नाहीत, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या बैठकांत मी अनेकदा ऐकला. प्रत्येक वेळी त्याचे उत्तर म्हणून एखादे पोस्टर, एखादे प्रशिक्षण किंवा एखादी शपथ ठरत असे. मला जे उत्तर दिसले ते बैठकीत सांगण्याची माझी पायरी नव्हती, म्हणून आज लिहीत आहे.

दरवर्षी 5 जूनला, पर्यावरण दिनी, आम्ही गेटजवळ रांगेत उभे राहत असू. रोपे आधीच आणून ठेवलेली असत, खड्डे माळीकाकांनी आदल्या दिवशी खणलेले असत आणि फोटोसाठी झारीत पाणी भरलेले असे. त्यांतल्या एका खड्ड्यात सहा वर्षांत चार वेगवेगळी झाडे लावलेली मी स्वतः पाहिली आहेत. उन्हाळ्यात पाणी घालण्याचे काम कोणाच्याच नावावर नव्हते, हे त्याचे साधे कारण. एका वर्षी भाषण चाळीस मिनिटे चालले. तेवढा सगळा वेळ साहेबांची गाडी ‘हरित परिसर’ अशा फलकाशेजारी इंजिन आणि एसी चालू ठेवून उभी होती. भाषणात काय सांगितले गेले ते आमच्यापैकी कोणाला आठवत नाही, गाडी मात्र सगळ्यांना आठवते.

कामगाराला पर्यावरणाचे काही पडलेले नसते, असे जर कोणाचे मत असेल तर ते चुकीचे आहे. माझ्या मशीन शॉपमधली, म्हणजे यंत्रविभागातली, निम्मी मुले मराठवाड्यातून आलेली होती. टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या आईची मुले पाण्याची किंमत पोस्टरवर वाचून शिकत नाहीत. कित्येकांच्या घरी वारी होती. आषाढीच्या आणि कार्तिकीच्या रजेचे अर्ज माझ्याच टेबलावर येत, आणि त्यांतला एकही अर्ज नामंजूर करण्याची हिंमत मला कधी झाली नाही. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते आणि आपल्या वसाहतींतले कित्येक नाले तिलाच जाऊन मिळतात, हे या मुलांना नकाशा न पाहता माहीत असते. आळंदीच्या घाटावर पांढरा फेस दिसतो तेव्हा तो घरगुती सांडपाण्याचा किती आणि कारखान्यांचा किती, यावर अधिकारी वाद घालतात. त्या फेसातून वाट काढत स्नान करणाऱ्यांत आपल्याच शॉपमधले लोक असतात.

मग हाच माणूस शिफ्टमध्ये कुलंटची, म्हणजे धातू कापताना मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती पाहून न पाहिल्यासारखे का करतो? कारण कारखान्यात खरोखर कशाची मोजदाद होते, हे त्याला फार लवकर कळते. भिंतीवरचे पर्यावरण धोरण तो वाचत नाही, तो सुपरवायझरचा चेहरा वाचतो. सुपरवायझर मॅनेजरचा चेहरा वाचतो आणि मॅनेजर तुमचा.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती माझ्या बाजूची नाही. पावसाळ्यातला महिनाअखेरीचा दिवस होता, वेळ संध्याकाळी साडेपाचची. डिस्पॅचची गाडी डॉकला लागलेली होती आणि शेवटचा लॉट अजून मशीनवर होता. नुकताच कायम झालेला एक मुलगा माझ्याकडे धावत आला आणि म्हणाला, “साहेब, सम्पमधून कुलंट बाहेर चाललंय, पावसाच्या गटारात जातंय. मशीन थांबवू का?” मी जाऊन पाहिले. गटारातल्या पाण्यावर दुधासारखा पांढरा पट्टा कुंपणापर्यंत गेला होता. सम्पच्या, म्हणजे कुलंटच्या टाकीच्या, तळाशी असलेली कॉक बदलायला वीस मिनिटे लागली असती. मी म्हणालो, “अरे, हा लॉट जाऊ दे, मग बघू.” लॉट रात्री पावणेनऊला गेला. कॉक दुसऱ्या दिवशी बदलली. मधल्या वेळात गळती बादलीत धरावी, एवढेही मला सुचले नाही. त्या मुलावर मी ओरडलो नाही, उलट नंतर त्याच्या पाठीवर थापही मारली. पण त्यानंतरच्या चार वर्षांत तो माझ्याकडे अशी कोणतीही गोष्ट घेऊन पुन्हा आला नाही. मशीन उत्तम चालवायचा, हजेरी चोख असायची. आम्ही वर्षभर दिलेल्या प्रशिक्षणाने जे त्याला शिकवले, ते माझ्या एका वाक्याने पुसले गेले होते.

मी वाईट माणूस होतो म्हणून तसे वागलो असे मला वाटत नाही. त्या संध्याकाळी मला वरून तीन फोन आले होते आणि तिन्ही फोनवर ‘गाडी निघाली का’ एवढेच विचारले गेले. कुलंटबद्दल कोणी विचारणार नाही हे मला ठाऊक होते, कारण त्यापूर्वी कोणी कधी विचारले नव्हते. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर नेतृत्वाचा प्रभाव पडतो असे जे म्हणतात तो हा असा पडतो. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी महिनाअखेरीच्या बारा संध्याकाळी तो सर्वांत स्पष्ट दिसतो.

तुम्ही म्हणाल की उत्पादनाच्या रेट्यापुढे कोणाचेच चालत नाही. पण सुरक्षिततेच्या बाबतीत आपण हेच म्हणत होतो आणि ते खोटे ठरले. मी नोकरीला लागलो तेव्हा सेफ्टी शूज घालणाऱ्याची टिंगल होत असे. आज कोणी अनवाणी किंवा चपला घालून शॉपमध्ये आला तर शेजारचा कामगारच त्याला परत पाठवतो. हा बदल दर 4 मार्चला होणाऱ्या सुरक्षा दिनाच्या शपथेमुळे झाला नाही. प्लांट हेड स्वतः हेल्मेट घातल्याशिवाय पिवळ्या रेषेच्या आत पाऊल टाकेनासे झाले, रोजच्या सकाळच्या बैठकीत उत्पादनाच्या आकड्याआधी अपघाताचा आकडा सांगण्याची पद्धत पडली, आणि असुरक्षित वाटले तर मशीन थांबवण्याचा अधिकार कामगाराला लेखी मिळाला, तेव्हा तो झाला. एकदा एका मॅनेजरने हात अडकेल या भीतीने प्रेस थांबवणाऱ्या मुलाचे सगळ्यांसमोर आभार मानले आणि त्या दिवशीचा तोटा स्वतःच्या अहवालात स्वतःच्या नावावर लिहिला. पर्यावरणाच्या बाबतीत असे काही झालेले मी माझ्या नोकरीत एक अपवाद सोडला तर पाहिले नाही.

हे केवळ माझे अनुमान आहे असे समजू नका. 2000 साली कॅथरीन रामस आणि उलरिख स्टेगर या दोन अभ्यासकांनी पर्यावरणाच्या बाबतीत आघाडीवर मानल्या गेलेल्या युरोपीय कंपन्यांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीचे जाहीर धोरण आहे आणि थेट वरिष्ठाचे प्रोत्साहनही आहे असे ज्यांना जाणवत होते, ते पर्यावरणाच्या दृष्टीने नवे काही करून पाहण्याची शक्यता अधिक होती. 2013 साली जेनिफर रॉबर्टसन आणि ज्युलियन बार्लिंग या कॅनडातील संशोधकांना असे आढळले की वरिष्ठ स्वतः कसा वागतो, याचा हाताखालच्या लोकांच्या पर्यावरणविषयक वागण्याशी संबंध असतो. आमच्या शॉपमधल्या कोणत्याही हेल्परने हे चहाच्या वेळी सांगितले असते, पण इंग्रजी नियतकालिकात छापून आले म्हणजे तुमच्या बैठकीत ते मांडणे सोपे जाते, म्हणून येथे लिहिले.

हे जमते कसे, तेही मी एकदा जवळून पाहिले आहे. दुसऱ्या कारखान्यात माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एक नवे प्लांट हेड आले. पहिल्या महिन्यात त्यांनी कोणतेही भाषण केले नाही. एका साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्यांनी मेंटेनन्सचे दोघे, मी आणि दोन ऑपरेटर अशा पाच जणांना बोलावले, सगळ्या मशीन बंद ठेवून फक्त हवा दाबून नळ्यांतून पुरवणारा कॉम्प्रेसर चालू करायला सांगितला आणि शॉपच्या मध्यभागी उभे राहून म्हणाले, “आता कोणी बोलू नका, ऐका.” एरवी मशीनच्या आवाजात जे कधी कानावर पडले नव्हते ते त्या शांततेत ऐकू आले. कुठे कपलिंगमधून, कुठे चिरलेल्या नळीतून, कुठे एअर गनच्या मुठीतून हवा सुटत होती आणि अख्खे शॉप सापांनी भरल्यासारखे फुसफुसत होते. साहेबांच्या एका हातात साबणाच्या पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात लाल टॅगचा गठ्ठा होता. बुडबुडे आले की ते स्वतः वाकून टॅग बांधत. दुपारपर्यंत त्रेसष्ट टॅग बांधून झाले.

त्यानंतर त्यांनी ऑपरेटरांना शेजारी बसवून हिशेब केला. कॉम्प्रेस्ड हवा ही कारखान्यातल्या सर्वांत महाग ऊर्जांपैकी एक असते, कारण कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला फार मोठा भाग उष्णता होऊनच निघून जातो. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचे एक भोक असले तर त्यातून सुटणाऱ्या हवेसाठी कॉम्प्रेसरला सुमारे तीन किलोवॅट वीज सतत लागते. दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एकवीस हजार सहाशे युनिट होतात. युनिटला आठ रुपये धरले तरी रक्कम पावणेदोन लाखांच्या घरात जाते. त्यांतला एक ऑपरेटर हिशेबात पक्का होता. तो म्हणाला, “साहेब, माझ्या घरी महिन्याला शंभर युनिट पडतात. म्हणजे ह्या एका भोकात आमच्या चाळीतली अठरा घरं वर्षभर चालतील.” दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे वाक्य सगळ्या शॉपमध्ये फिरले होते. कार्बन उत्सर्जनाचे आकडे आम्ही वर्षानुवर्षे पडद्यावर दाखवत होतो, ते असे कधी फिरले नाहीत.

पण खरा फरक पुढे पडला. टॅगवर तारीख होती, आणि आठ दिवसांत गळती बंद झाली नाही तर तो टॅग मेंटेनन्स प्रमुखाच्या टेबलावर नव्हे, प्लांट हेडच्या टेबलावर जाणार होता. नवव्या दिवशी अकरा टॅग शिल्लक होते. साहेबांनी ते खरोखर स्वतःच्या टेबलावर ठेवले, नळ्यांची अडकलेली खरेदी त्याच दिवशी मोकळी केली आणि सकाळच्या बैठकीत उशीर आपल्या सहीमुळे झाल्याचे सांगितले. महिन्याभरात कामगार स्वतःहून टॅग मागायला येऊ लागले.

त्याच काळातली एअर गनची गोष्टही सांगतो. शिफ्ट सुटताना प्रत्येक जण एअर गनने अंगावरची धूळ आणि धातूच्या बारीक चिप्स उडवत असे. हे धोक्याचेही आहे आणि उधळपट्टीचेही. आधीच्या व्यवस्थापनाने त्यावर तीन परिपत्रके काढली आणि दोघांना मेमो दिले, तरी सवय मोडली नाही. नव्या साहेबांनी मेमो न देता विचारले की तुम्ही असे का करता. उत्तर इतके साधे होते की आम्हा सुपरवायझरांना लाज वाटली. कंपनीच्या बसमध्ये अंगावर चिप्स घेऊन बसले की सीटवर बसणाऱ्या पुढच्या शिफ्टच्या माणसाला टोचतात, आणि शॉपमध्ये एकही ब्रश नव्हता, हात-तोंड धुवायला चार नळांपुढे ऐंशी माणसे असत. ब्रश आले, नळ वाढले, शिफ्ट संपायच्या आधी सात मिनिटे मिळाली. एअर गनचा तसा वापर जवळजवळ थांबला. पूर्ण थांबला असे म्हणणार नाही, कारण मीही एक-दोनदा केला आहे.

या सगळ्यात कंत्राटी कामगार कोठे होते, हे विचारायला हवे, कारण आज आपल्या कित्येक कारखान्यांत कायम कामगारांपेक्षा त्यांचीच संख्या अधिक आहे. सूचना पेटीत त्यांची चिठ्ठी चालत नाही. उत्तम सूचनेचे बक्षीस त्यांना देण्याची तरतूद नसते. तेलाने भिजलेल्या चिंध्या हा कायद्याने घातक कचरा आहे. तो वेगळा ठेवून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचा असतो. पण त्या चिंध्या प्रत्यक्ष गोळा करणाऱ्या हाऊसकीपिंगच्या बाईंना हे कोणी सांगितलेले नसते, कारण त्यांचे प्रशिक्षण ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराचे लक्ष बिलाकडे. आमच्या पहिल्या कारखान्यातल्या कँटीनबाहेर तीन रंगांच्या कचरापेट्या होत्या आणि आम्ही शिस्तीने वर्गीकरण करत असू. एके दिवशी रात्रपाळीला आलेल्या एकाने पाहिले की तिन्ही पेट्या एकाच टेम्पोत उलट्या होत आहेत. दुसऱ्या दिवसापासून त्या पेट्यांत केळीची साल आणि प्लॅस्टिकचा कप एकत्र पडू लागला तो कायमचा. त्या टेम्पोवाल्याला जाब विचारणे हे कामगाराचे काम नव्हते.

कागदावर आपण सगळे छान आहोत, याची मला कल्पना आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नमुन्यात शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि किती टक्के कामगारांना जबाबदार व्यवसायाच्या तत्त्वांचे प्रशिक्षण दिले हा प्रश्न त्यात आहे. ती टक्केवारी कशी भरते हे मी पाहिले आहे. शिफ्ट बदलताना दहा मिनिटांची चित्रफीत लागते, हजेरीचा कागद फिरतो, बसची वेळ झालेली असते आणि मागच्या रांगेतले लोक उभ्याउभ्याच सही करतात. गंमत अशी की त्या नमुन्यातल्या अधिक कठीण प्रश्नांच्या गटाला ‘नेतृत्व निर्देशक’ असे नाव आहे आणि त्यांची उत्तरे देणे ऐच्छिक आहे.

तेव्हा माझी मागणी प्रशिक्षण वाढवण्याची नाही. सकाळच्या बैठकीत सुरक्षिततेनंतर आणि उत्पादनाआधी एकच प्रश्न विचारला जावा : काल कोणी काय गळताना, वाया जाताना, चुकीच्या जागी जाताना पाहिले? उत्तर देणाऱ्याचे नाव लिहिले जावे, दुरुस्तीची तारीख लिहिली जावी आणि तारीख चुकली तर ती का चुकली हे तुम्ही स्वतः सांगावे. गटारात किंवा नाल्यात काही जाताना दिसले तर मशीन थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला द्यावा, मग तो कायम असो वा कंत्राटी, आणि त्या वीस मिनिटांचे उत्पादन सुपरवायझरच्या खात्यावर घालू नये. सुपरवायझरच्या वार्षिक मूल्यमापनात या गोष्टीला जागा असावी, कारण ज्याच्यासाठी गुण नाहीत ते काम महिनाअखेरीला पहिले मागे पडते, हे मी स्वतःवरून सांगतो. बक्षिसांच्या रकमेबद्दल मला फारसे म्हणायचे नाही. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने 1975 मध्ये प्रदूषण मुळातच रोखणाऱ्या कल्पना कर्मचाऱ्यांकडून मागवण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि तो अनेक दशके टिकला. मला वाटते, कल्पना देणाऱ्याला त्याची कल्पना प्रत्यक्षात उतरलेली दिसते, हे पैशांहून अधिक काम करते.

एक गोष्ट मोठ्या कंपन्यांसाठी. तुमचे सुटे भाग पाच-सात मशीनच्या गाळ्यांत तयार होतात, आणि तेथे ना सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा असते, ना पर्यावरण अधिकारी. तेथला मालक स्वतःच ऑपरेटर असतो आणि तुमचा खरेदी अधिकारी हाच त्याचा साहेब असतो. तो अधिकारी दर महिन्याला दर कमी करण्याबद्दल बोलतो आणि वापरलेले कुलंट कोठे टाकता हे वर्षातून एकदाही विचारत नाही, तोवर त्या गाळ्यामागचा नाला पांढराच राहील. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येणार म्हटल्यावर तुमच्या आवारात काय काय धुतले जाते, हे मला माहीत आहे. त्या गाळ्यांपर्यंत तर तेही क्वचितच पोचतात.

शेवटी एक विनंती. या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी डिस्पॅचसाठी सुपरवायझरला फोन कराल तेव्हा गाडीबद्दल विचारण्याआधी कुलंटबद्दल विचारून पाहा. आणि कोणाला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसर चालू ठेवून गळत्या ऐकायच्या असतील, तर मी यायला तयार आहे. मानधन नको, फक्त गेटवर पास करून ठेवावा. साबणाच्या पाण्याची बाटली माझ्याकडे आहे. टॅग मात्र तुमचे लागतील, आणि त्यांवर तारीख तुमच्या हातची हवी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुपरवायझर, मशीन शॉप
भोसरी